अर्ध्या मिनिटाची चेटकीण

रविवार, ४ ऑक्टोबर २००९. दिवाळी दोन आठवड्यांवर आली म्हणून माळा रिकामा करायला घेतला. आमच्या माळ्यावर पितळेची भांडी नाहीत, कॅसेटा आहेत. आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम. हे कॅमेरा धरतात, मी घरात बसून मिक्सिंग करते. नवरानवरी बदामातून बाहेर येतात, वरून गुलाबाच्या पाकळ्या गळतात, मामामाम्यांची नावं गरगर फिरत येतात, ते सगळं माझं. भिवंडीच्या दमट हवेत कॅसेटांना बुरशी लागते. बुरशी लागलेली फेकायची, धड असलेली मशीनमध्ये घालून एकदा पुढेमागे फिरवायची, पुसून परत ठेवायची. दरवर्षीचं काम.

या वर्षी त्यातली एक कॅसेट शोधायचीही होती. शनिवारी दोन माणसं घरी आली होती. दोघंही सरांचे जुने विद्यार्थी, त्यातल्या एकाचं जवळच्या पूर्णा गावात मोठं गोदाम. म्हणाले, सरांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, पुढच्या रविवारी हॉलमध्ये सत्कार आहे, शाल, श्रीफळ, आणि मोठ्या पडद्यावर सरांची फिल्म. केबलवाला सगळा कार्यक्रम घरोघरी दाखवणार. पण सरांकडची सीडी अडकते. “मूळ कॅसेट तुमच्याकडे आहे असं सर म्हणाले.”

सर माझ्याशी पाच वर्षं बोलत नव्हते. पण माझ्याकडे काय आहे ते विसरले नव्हते.

सर म्हणजे विज्ञानाचे मास्तर. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर शिकवण्या घेतात, गुडघ्याला तेल लावतात. सरांनी हँडीकॅम घेतला. त्याला कारण टीव्ही. कुठल्यातरी चॅनलवर त्यांनी परदेशातल्या चेटकिणींवरचा माहितीपट बघितला. बायका सोमवार ते शुक्रवार ऑफिसात काम करतात आणि शनिवारी कुणाच्या तरी बागेत काळे झगे घालून, मेणबत्त्या धरून, गोल उभ्या राहतात. वर संस्था काढलेली, सभासद नोंदवलेले. सरांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आमच्या दारात.

“वहिनी, त्यांच्या चेटकिणी इन्कम टॅक्स भरतात! नोंद घेण्यासारखं आहे हे. आधुनिक चेटूक! आणि आपल्याकडचं आधुनिक चेटूक कोण टिपणार?”

“आपल्याकडे कोण आहे तसं?” मी विचारलं.

“तेच तर शोधायचं.”

चेटकीण आहे असं आधी ठरवून माणूस शोधायला निघाला की त्याला ती सापडतेच. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी त्यांना चहा दिला आणि मिक्सिंग कधी करून देईन ते सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षं सर शूटिंग करत होते. अंगात बारा खिशांचं जाकीट, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला ते मला कधीच कळलं नाही, कारण त्यांच्या हाताखाली कुणीच नव्हतं. “कट” हा शब्द मात्र कुठेही वापरायचे. रिक्षा थांबवायला कट. बायको भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागली की कट. एकदा सत्यनारायणाला भटजींना कट म्हणाले, आणि भटजींनी खरोखरच तिसरा अध्याय आटोपता घेतला.

आणि त्यांचं वाक्य: “मी निरीक्षक आहे, सहभागी नव्हे.” हे ते मुलाखतीला बसवलेल्या माणसाला सांगायचे, पोलिसाला सांगायचे, गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला तरी सांगायचे.

त्यांचा सिद्धांत असा, की भुतं आता वडावर राहत नाहीत. वड तोडून तिथे गोदामं झाली, तेव्हा भुतंही गोदामात गेली असणार, म्हणजे तिथलं चेटूकही नव्या पद्धतीचं असणार. या कल्पनेत अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पूर्ण्याच्या एका गोदामात पहिला संगणक आला तेव्हा मॅनेजरने त्याच्या समोर नारळ फोडला. पाणी सगळं कीबोर्डवर. संगणक बंद पडला आणि मॅनेजर म्हणाला, बघा, शेजारच्या गोदामवाल्याची नजर लागली. सर तिथे कॅमेरा घेऊन उभे होते. फिल्ममध्ये हे एवढंच चांगलं आहे. बाकी त्यांनी घडवून आणलेलं आहे.

त्याला ते ‘पुनर्रचना’ म्हणत. चौकात उतारा टाकलेला असतो, पण सर पोचेपर्यंत ट्रकने त्याचा चेंदामेंदा केलेला असायचा. मग सर स्वतःच लिंबं न्यायला लागले. एक स्टीलचा डबा होता, वर ‘साहित्य’ असं लिहिलेलं. त्यात लिंबं, बिब्बे, टाचण्या, आणि बायकोच्या जुन्या ब्लाऊजची शिवलेली काळी बाहुली. चौकात मांडायचं, शूटिंग करायचं, परत डब्यात भरायचं. लोक लांबून वळसा घालून जायचे, कारण सत्तरीकडे झुकलेला, जाकीट घातलेला माणूस भर दुपारी उतारा मांडताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेला असायचा. वापरलेली लिंबं सर घरी न्यायचे. म्हणायचे, लिंबू वाया घालवणं हीसुद्धा अंधश्रद्धाच. त्यांच्याकडे मला एकदा काकूंनी सरबत दिलं. पिऊन झाल्यावर सांगितलं.

काकू म्हणजे सरांची बायको. या फिल्मच्या पायी त्या बाईने जे सोसलं, त्यावर वेगळी फिल्म निघेल. सरांना परदेशासारखं गोल उभं राहिलेलं बायकांचं मंडळ हवं होतं. काकू, मी, आणि शाळेतल्या दोन निवृत्त बाई, असं त्यांनी परस्पर ठरवलं. मेणबत्त्या आणल्या. काकू म्हणाल्या, “माझ्या काळ्या साडीला हात लावायचा नाही. ती संक्रांतीची आहे.” मग सरांनी आमच्या अंगावर छत्रीचं कापड पांघरलं. खाडीवरचा वारा, मेणबत्ती पेटेना. अर्धा तास आम्ही चार प्रौढ बायका छत्र्या पांघरून उभ्या. शेवटी एक बाई म्हणाल्या, “चेटकिणींना इतका वेळ कुठून मिळतो हो?” आणि आम्ही घरी आलो.

यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांकडेही सर गेले होते. एका कारखान्याच्या मुकादमाला विचारलं, लूम बंद पडला की लोबान जाळता हे खरं का?

“हां, जलाते हैं.”

“और मिस्त्री?”

“मिस्त्री को भी बुलाते हैं.”

“पहले किसको?”

“जो पहले आ जाए, मास्टरजी.”

सरांना हे उत्तर आवडलं नाही. ते कापायला सांगितलं. मी कापलं.

या माणसाला स्वतःला भीती वाटायची का? अमावास्येला ते शूटिंग करत नसत. विचारलं तर म्हणायचे, बॅटरी लवकर उतरते. तिपाईच्या एका पायाला काळा दोरा बांधलेला होता. विचारलं तर म्हणायचे, खूण आहे, दुसऱ्याच्या तिपाईत मिसळायला नको. ते शूटिंगला एकटेच जात. दुसरी तिपाई कुठून येणार होती?

आणखी एक खोड सांगायला हवी. कॅमेरा बंद करायचं त्यांना सुचतच नसे. त्यांच्या निम्म्या कॅसेटांत रस्ता, चप्पल आणि रिक्षाचा पत्रा आहे. एका कॅसेटमध्ये पाऊण तास त्यांच्या जाकिटाचं बटण आहे. मिक्सिंगला बसले की मी ते सगळं न बघता पुढे पळवायची.

आता जे सांगायचं ते. २००४ चा एप्रिल. लग्नसराई. माझ्याकडे सहा लग्नांचं मिक्सिंग पडलेलं, सगळ्यांना कालच कॅसेट हवी होती. सर रोज सकाळी येऊन माझ्या खुर्चीमागे उभे. फिल्म तयार, फक्त अर्धं मिनिट कमी. शेवटी त्यांचंच निवेदन: “अशी माणसं आजही आपल्यात वावरत आहेत.” या वाक्यावर दाखवायला चेटूक करणारं कुणीतरी हवं होतं. छत्र्या चालत नव्हत्या.

मी वैतागून म्हटलं, “त्या खोक्यात लग्नांचे उरलेले तुकडे आहेत. बघा काही मिळतं का.”

त्यांना मिळालं. वळ गावच्या एका लग्नातला तुकडा. एक म्हातारी पाटावर बसली आहे, कपाळभर कुंकू, हात हळदीने पिवळे, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत, पुढ्यातल्या सुपातून तांदूळ उचलून टाकते आहे. सरांच्या अंगावर काटा आला. “हीच!” म्हणाले. “वहिनी, हीच!”

ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असोत नसोत, धवलारीण लागते. ती धवला गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर होतो. तिच्याशिवाय हळद लागत नाही. मी ओळखलं नाही असं म्हणणं आज सोपं आहे. मी ओळखलं होतं. इतकी लग्नं जोडली मी, मला कळणार नाही? मनात आलं, अर्धं मिनिट तर आहे, कोण ओळखणार? तिचा आवाज काढला, त्या जागी घुमणारा आवाज घातला. चित्राची गती कमी केली. हळदीचा पिवळा रंग काळपट निळा केला. चांगलं जमलं. मला माझं काम येतं.

फिल्म केबलवर रविवारी दुपारी दाखवली, हिंदी पिक्चर संपल्यावर. वळमध्ये घरोघरी टीव्ही चालू होते.

तीन आठवड्यांनी दुपारी दारात म्हातारी उभी. मागे सून. म्हातारीचं नाव हिराबाय. पडद्यावर होती त्याहून उंच आणि आवाज खणखणीत.

“तूच का गो शूटिंगवाली?”

“हो. या, बसा.”

“बसाया न्हाय आलू. मना टीवीवर भुताली केलीस ती तूच का?”

भुताळी म्हणजे चेटकीण. इकडच्या गावांत हा शब्द कुणी चेष्टेत वापरत नाही. ज्या बाईला तो लागला तिच्याकडचं पाणी कुणी पीत नाही.

सर योगायोगाने घरातच होते, दुसऱ्या भागाचं बोलायला आलेले. ते पुढे आले आणि म्हणाले, “आजी, तुम्ही शांत व्हा. फिल्ममध्ये मी तुमचं नाव घेतलेलं नाही.”

“नाव घेतला असतास तं बरा झाला असता,” हिराबाय म्हणाली. “मंग मी भांडलू असतू, ह्या माझ्या नावाची बाई ती मी न्हाय. आता तोंड माझा हाय नि नाव कोनाचाच न्हाय. कोनाशी भांडू?”

सून म्हणाली, तीन हळदी ठरलेल्या होत्या, तिन्ही गेल्या.

“भांडत बी न्हाईत गो,” हिराबाय म्हणाली. “घरी येतात, च्या पितात, म्हनतात, हिराबाय, तुझी तब्येत बरी न्हाय, औंदा आराम कर. माझी तब्येत चांगली हाय! चाळीस वर्सां धवला गातंय. ज्या पोरींच्या डोक्यावर तांदूल टाकला त्यांच्या पोरींची लग्नां लावली. आता त्याच पोरी आपली लेकरां उचलून आत नेतात.”

सर बोलले. त्यांचे डोळे चमकत होते. “नोंद घेण्यासारखं आहे हे! एका फिल्ममुळे समाजाने एका स्त्रीला चेटकीण ठरवलं. वहिनी, हाच आपला दुसरा भाग. आजी, इथे उजेडात बसा, मी कॅमेरा लावतो.”

आणि त्यांनी खरोखर तिपाई उभी केली.

हिराबायने तिपाईकडे बघितलं. खाली वाकली, काळा दोरा बोटाने उचलला. “यो कोनासाठी बांधलाय, मास्तर? माझ्यासाठी, का तुझ्यासाठी?”

“ती खूण आहे,” सर म्हणाले.

“खूनच हाय,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. “हे बघ. मना माफी नको, पैसा नको. ज्या दिवशी दाखवलास त्याच दिवशी, त्याच येलंला, परत दाखव. पूर्न दाखव. माझा गाना माझ्या आवाजात. लोकांना कलूं दे मी काय बोलतंय ते.”

सरांचं म्हणणं, फिल्ममधलं काहीही बदलणार नाही; माहितीपट म्हणजे सत्य. मी म्हटलं, “सर, ते सत्य मी केलंय, या खुर्चीवर बसून. निळं पण मीच केलंय.” ते म्हणाले, तुम्ही फक्त तंत्रज्ञ आहात. तो आमच्यातला शेवटचा संवाद. तिपाई उचलून गेले. फिल्मची कॅसेट आणि त्यांचं सगळं शूटिंग माझ्याकडे राहिलं. मागायला आले नाहीत, मी नेऊन दिलं नाही.

वळच्या लग्नाची मूळ कॅसेट मी काढली आणि केबलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “वहिनी, दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट कोण बघणार?” मी म्हटलं, भिवंडीत सगळे तेच बघतात. हवं तर त्या घरच्यांना विचार, त्यांनी परवानगी दिली आहे. रविवारी दुपारी पिक्चर संपल्यावर अख्खी बारा मिनिटं दाखवली. हिराबाय गाते आहे, गणपतीचं नाव घेते आहे, पाच पांडवांचं नाव घेते आहे, मध्येच थांबून नवरीच्या आईला ओरडते, “अगो, हलद पातल झाली!” आणि सगळा मांडव हसतो.

तीनपैकी दोन हळदी परत आल्या. तिसऱ्या घरीही पुढच्या वर्षी बोलावलं, पण सून सांगत होती, हिराबाय दारात आल्यावर त्यांनी उंबऱ्यावर मीठ टाकलं. तिने ते बघितलं. हळद लावून आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली.

असं सगळं असताना ती दोन माणसं माझ्याकडे फिल्म मागत होती. मोठ्या पडद्यावर दाखवणार, केबलवर दाखवणार, आणि तुळशीचं लग्न झालं की वळमध्ये हळदी सुरू. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी अडकणारी सीडी कुठूनतरी चालवून घेतली असती. हल्ली सगळं चालवून मिळतं. म्हणून देते म्हटलं.

फिल्मची मूळ कॅसेट रविवारी दुपारी सापडली, बुरशीशिवाय. तिच्या खालीच सरांच्या शूटिंगच्या नऊ कॅसेटा. त्याही फिरवायला घेतल्या. फेकायच्या तरी बघून फेकायच्या. पहिल्या पाचांत रस्ता आणि चप्पल. सहाव्यात पूर्ण्याचं गोदाम. आधी गोदामाची भिंत, मग कॅमेरा कशावर तरी ठेवल्यासारखा हलला आणि समोर दुसरा कुणी नाही, सर. कॅमेरा चालू आहे हे नेहमीप्रमाणे त्यांना माहीत नाही. त्यांनी आजूबाजूला बघितलं. ‘साहित्य’ डबा उघडला. एक लिंबू काढलं. डोळे अर्धे मिटले, ओठ हलायला लागले, आणि ते लिंबू त्यांनी रिकाम्या तिपाईवरून सात वेळा ओवाळलं. मी मोजलं. मग स्वतःवरून तीन वेळा. मग ते लिंबू टाकलं नाही, परत डब्यात ठेवलं.

एकूण चौतीस सेकंद. पूर्वी हेच मी न बघता पुढे पळवलं असणार.

सोमवारी सकाळी पाणी भरलं, यांना डबा दिला आणि मशीनवर बसले. हिराबायचं अर्धं मिनिट काढलं, त्या जागी सर घातले. गती कमी केली, काळपट निळं केलं, तोच घुमणारा आवाज घातला. निवेदनाला हात लावला नाही. दोन सीड्या केल्या, पिशवीत टाकल्या आणि विद्यार्थ्यांकडे न जाता सरांकडे गेले.

दार काकूंनी उघडलं. सर कोचावर होते, जाकीट नव्हतं, अंगात बनियन, बरेच वाळलेले. मी म्हटलं, “सर, हॉलमध्ये लावण्याआधी तुम्ही बघून घ्या. शेवट तेवढा बघा.” सीडी मीच लावली आणि पुढे नेली.

पडद्यावर सर आले, निळे. सरांचाच आवाज म्हणाला, “अशी माणसं आजही आपल्यात वावरत आहेत.” लिंबू हळूहळू फिरत होतं.

काकू पुढे वाकल्या. “अहो, हा तर पूर्ण्याचा दिवस. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला या लिंबांचं सरबत करायला लावलंत! माझा भाऊ दोन ग्लास प्यायला!”

“थांबवा,” सर म्हणाले. मी थांबवलं. पडद्यावर सर लिंबू धरून उभे. कोचावरचे सर पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, “वहिनी, हे दाखवता येणार नाही. सगळं गाव बघणार. चेहरा स्पष्ट ओळखू येतो माझा.”

“नाव कुठे घेतलंय सर तुमचं?”

काकूंनी तोंडाला पदर लावला. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग हातांकडे. “ती बाई,” ते म्हणाले, “अजून गाते का?”

“गाते. तुळशीच्या लग्नानंतर चार हळदी ठरल्यात.”

मी दुसरी सीडी टेबलावर ठेवली. तिच्यात त्या अर्ध्या मिनिटात ना हिराबाय आहे ना सर, नुसते लूम चालताना दिसतात. आणि त्याआधी मुकादमाचं ते कापलेलं उत्तर परत जोडलं आहे. हॉलमध्ये ही द्यायची, म्हटलं. सरांनी मान हलवली. पहिली सीडी त्यांनी मागितली.

“ती माझ्याकडे राहील,” मी म्हटलं, आणि पिशवीत टाकली. काकू सरबत विचारत होत्या. नको म्हटलं. घरी येऊन उरलेला माळा पुसून घेतला.